भिंतीवरचे चिंचोके

पाढ्यांचा मला राग होता. पाढे येत नाहीत म्हणून नव्हे, नको तितके येतात म्हणून. खासबागेकडच्या त्या मराठी शाळेत मी तिसरीचा मास्तर म्हणून लागलो तेव्हा वर्गातली पोरं डोळे मिटून तीसपर्यंत पाढे म्हणायची, वर पावकी, निमकी आणि दिडकी. आवाज असा की रस्त्यावरचा बैल दचकावा. एके दिवशी त्यांतल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या पोराला मी विचारलं, "एका सरीत मिरचीची आठ रोपं, अशा सात सऱ्या. रोपं किती?" तो बराच वेळ आढ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "मास्तर, आमच्यात मिरच्या लावत न्हाईत."

माझं डोकं फिरलं. छडी शोधायला लागलो, ती सापडली नाही, आणि तेवढ्यात राग थोडा उतरला. दुसऱ्या दिवशी मी पोरांना घरून चिंचोके आणायला सांगितलं. चिंचोक्याला आमच्याकडं काय तोटा? बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा गच्च भरला. मग वर्गाच्या सारवलेल्या जमिनीवर आठ-आठ चिंचोक्यांच्या सात ओळी मांडल्या आणि त्या मिरचीवाल्याला मोजायला बसवलं. मोजून झाल्यावर त्याला उठवून दाराच्या बाजूला उभं केलं आणि विचारलं, "आता इकडून बघ. किती ओळी?" तो बघत राहिला. सातच्या आठ ओळी झाल्या होत्या, आणि चिंचोके तर कुणी हलवले नव्हते. तो खाली बसला, परत मोजायला लागला, आणि त्याच्यामागून सगळा वर्ग जमिनीवर ओणवा झाला. त्या दिवसापासून हेडमास्तर मला चिंचोके मास्तर म्हणू लागले. म्हणोत बापडे, असं मी मनात म्हटलं, पण राग यायचा तो यायचाच.

त्या वर्गात कोपऱ्यात चार मुली बसत. त्यांतली एक मागांच्या, म्हणजे विणकरांच्या गल्लीतली, नऊ-दहा वर्षांची. घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरून भरून तिची बोटं इतकी चपळ झाली होती की मी सांगायच्या आत तिच्या ओळी मांडून व्हायच्या, आणि त्या अशा सरळ असायच्या की वर दोरा धरावा. तिचा बाप त्या गल्लीचा पंच होता. सगळी गल्ली त्याच्या शब्दात, असं लोक म्हणत. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

चिंचोके जमिनीवरून भिंतीवर गेले ते माझ्या हौसेनं. गेरूनं भिंतीवर चौकोन आखले, खाली रकान्यांची नावं लिहिली, आणि ज्याचा त्याचा चिंचोका खळीनं ज्याच्या त्याच्या रकान्यात चिकटवायचा. पहिला तक्ता सकाळी काय खाल्लं याचा. भाकरी, आंबील, शिळा भात, आणि शेवटचा रकाना काहीच नाही. पहिल्या दिवशी तो शेवटचा रकानाच सगळ्यात उंच झाला. पोरं त्याच्याकडं बघून एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. दुसऱ्या दिवशी त्यात एकही चिंचोका नव्हता, सगळ्यांनी भाकरी खाल्लेली होती. एका रात्रीत सगळ्या घरांत भाकरी कुठून आली, हे न कळण्याइतका मी खुळा नव्हतो. तक्ता मी पुसून टाकला. पण रिकाम्या रकान्याला विचारावं लागतं, तू खरा का, एवढं त्या दिवशी डोक्यात बसलं.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि धान्याच्या वखारींकडं उंदीर पडायला लागले.

ज्यांनी प्लेगची साथ बघितली नाही त्यांना यातली भीती कळायची नाही. आधी उंदीर पडतो, मग माणूस. उंदीर घरात तडफडून मेला की शहाण्यानं घराला कुलूप घालावं आणि माळावर झोपडी बांधून राहावं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण घर सोडणं का सोपं असतं? आधीच्या एका साथीत आमच्या अनगोळच्या घरात उंदीर पडला तेव्हा माझे वडील म्हणाले, "दोन दिवस बघू." कचेरीत काम होतं, निघणं अडचणीचं होतं. त्या दोन दिवसांत माझ्या धाकट्या बहिणीच्या काखेत गाठ आली. "बघू" हा शब्द तेव्हापासून माझ्या कानाला सोसत नाही.

म्हणून मी भिंतीवर नवा तक्ता आखला. खाली गल्ल्या लिहिल्या, वखारीकडून शाळेकडं येताना जशा लागतात तशा: वखारीची गल्ली, बाजार, मागांची गल्ली, देवळाची गल्ली आणि शेवटी शाळेची. उंदराला हात लावायचा नाही, जवळ जायचं नाही, दिसला की मला येऊन सांगायचं, एका उंदराला एक चिंचोका. हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले.

"शाळा आहे की उंदरांचं मसण?" त्यांनी विचारलं.

"पोरांना रकाने शिकवतोय," मी म्हणालो.

"आंब्यांचे शिकवा, बैलांचे शिकवा."

"आंबे आणि बैल काही मरत नाहीत सध्या."

हेडमास्तर दारातून मागं वळले. शेवटी म्हणाले, "घरून कुणी बोंब मारत आलं तर तुम्हीच निस्तरा." आणि गेले.

रोज सकाळी मी गल्लीवार विचारायचो. वखारीची गल्ली म्हटलं की चार हात वर, आणि त्यांचे चिंचोके एकावर एक चढायचे. मग बाजार चढायला लागला. पोरांना आधी त्याची गंमत वाटायची, कुणाचा रकाना उंच म्हणून चढाओढ लागायची. बाजाराचा रकाना माझ्या छातीपर्यंत आला तेव्हा ती चढाओढ आपोआप थांबली. मग मधली गल्ली सोडून एकदम देवळाच्या गल्लीत चिंचोके लागायला लागले.

"मागांची गल्ली," मी विचारायचो.

त्या गल्लीतली पोरं खाली बघायची. कोपऱ्यातली ती मुलगी उभी राहायची आणि सांगायची, "आमच्या गल्लीत न्हाय मास्तर."

रोज तेच उत्तर, तोच आवाज. इकडं बाजार, तिकडं देऊळ, दोन्हीकडं चिंचोक्यांचे डोंगर आणि मधे कोरी भिंत. एके सकाळी तो मिरचीवाला तक्त्याकडं टक लावून बसला होता. त्यानं विचारलं, "मास्तर, उंदरास्नी मागांची गल्ली वलांडून जाता येतंय व्हय?"

वर्ग हसला नाही. त्या मुलीनं ओठ आवळून धरले. मी "बस खाली" एवढंच म्हणालो, कारण दुसरं काही म्हटलं असतं तर माझा आवाज चढला असता.

त्याच सुमाराला डब्यातले चिंचोके कमी व्हायला लागले. चिंचोके भाजून खायला चांगले लागतात, त्यामुळं माझा संशय मागच्या रांगेवर होता. सगळ्यांना उभं करून मी चांगला तासभर झाडलं. कोणी कबूल झालं नाही. डबा मी कपाटात ठेवायला लागलो, तरी सकाळी तक्ता लावताना काही कमी व्हायचेच, रोज कालच्यापेक्षा जास्त.

शेवटी एका संध्याकाळी, अजून उजेड होता तेव्हा, मी मागांच्या गल्लीत गेलो. गल्लीच्या तोंडाशीच उदाचा वास आला. घरोघरी धुपाटणी पेटवलेली, सणवार काही नसताना. मेलेल्या उंदरांचा वास झाकायला तो उद होता, हे मला कळत होतं. घराघरातून माग चाललेले, खट्-खट्, नेहमीपेक्षा घाईत. मला बघून एका बाईनं दार लोटून घेतलं.

पंचाचं दार उघडं होतं. आमच्याकडचे माग खड्ड्यातले. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून विणणारा बसतो आणि पायांनी पावड्या दाबतो. तो तसाच बसला होता, उठला नाही. मागावर हिरवं लुगडं होतं, तांबड्या काठाचं, आणि ते निम्म्याच्या पुढं आलं होतं. थोरली मुलगी भिंतीशी बसून कांड्या भरत होती. धाकटी, माझ्या वर्गातली, मला बघताच आईच्या मागं गेली.

"या मास्तर," तो म्हणाला. हात थांबला नाही. "पोरगीनं काय केलं?"

"तिनं काही केलं नाही. तुमच्या गल्लीत उंदीर पडलेत."

"न्हाय पडले."

"मला खोटं सांगू नका."

धोटा एकदा इकडून तिकडं गेला, एकदा तिकडून इकडं. मग तो म्हणाला, "समजा पडले. काय करू? माग डोक्यावर घिऊन माळाला जाऊ? जमिनीत गाडलेला हाय हा. गल्लीत एवढी घरं, समद्या घरांत ताणं लावल्यात."

"ताणा कापता येतो," मागावरच्या उभ्या धाग्यांकडं बोट करून मी म्हणालो.

थोरल्या मुलीचा हात कांडीवर थांबला. बापानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.

"हे हिच्या लग्नाचं लुगडं हाय," तो सावकाश म्हणाला. "आमच्यात लेकीचं लुगडं बाप विणतो. आन मागावर लागलेलं लुगडं अर्ध्यावर तोडत न्हाईत, कुणाचं बी. लेकीचं तर लांबच राहिलं. तोडलं तर तिचा संसार अर्ध्यावर मोडतो म्हणतात. तुमी शिकलेली माणसं, तुमास्नी खोटं वाटंल. मला वाटत न्हाय. सात-आठ हात राहिलंय. आठवडाभर बघू, मग जातो समदी."

बघू. माझ्या अंगाची लाही झाली. मी म्हणालो, "उद्या सकाळी मी म्युनिसिपालटीत सांगणार."

"सांगा. येतील, कौलं काढतील, मागावर औषधाचं पाणी वततील. मग लुगडं बी जाईल, माग बी जाईल. गल्ली तुमास्नी दुवा दील."

तो म्हणत होता त्यात खोटं काही नव्हतं, आणि त्यामुळंच मला जास्त राग आला. सांगितलं तर गल्लीचं पोट जाणार, नाही सांगितलं तर पोरं. माझ्या डोळ्यांपुढं वर्गात मागांच्या गल्लीची पोरं बसतात ती रांग होती. मी काहीतरी जोरात बोललो, काय ते आता आठवत नाही. तोही बोलला. आई मधे पडायला लागली. या गडबडीत धाकटी आईच्या मागून निघाली आणि मागामागच्या कोनाड्याकडं गेली. तिथून तिनं एक चिंधीची पुरचुंडी काढली आणि खड्ड्याच्या काठाशी बापासमोर बसून सोडली.

आत चिंचोके होते. माझ्या डब्यातले.

तिनं ते मांडायला सुरुवात केली. वर्गात मांडायची तसेच, सरळ, एकाखाली एक ओळी. पहिल्या ओळीत एक चिंचोका. दुसरीत एक. तिसरीत दोन. मग पुढच्या ओळी लांबत गेल्या. शेजारच्या मागाची खट्-खट् तेवढी ऐकू येत होती. शेवटची ओळ मांडताना तिला जागा पुरेना, म्हणून तिनं बापाचा धोटा हातानं बाजूला सारला. धोट्याला कोणी असा हात लावत नाही, पण त्यानं तिला सारू दिला.

"ही उंदरं समद्या गल्लीची?" त्यानं विचारलं.

"न्हाय आप्पा," ती म्हणाली. "आपल्या घरातलीच. तुमी न्हाय म्हणायला सांगितलं म्हणून मी न्हाय म्हणत होतो. पण एक पडला की एक घिऊन येत होतो." शेवटच्या ओळीवर तिनं बोट ठेवलं. "ही आजची."

चिंचोके चोर म्हणून सगळ्या वर्गाबरोबर मी तिलाही झाडलं होतं. पण त्या क्षणी माझं लक्ष तिच्याकडं नव्हतं. मी बापाच्या तोंडाकडं बघत होतो. काठाची नक्षी टिंबाटिंबानं वाचणारा माणूस तो, त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्याची नजर गेली आणि परत आली. मग ती शेवटच्या ओळीच्या पुढं, मोकळ्या जमिनीवर गेली. उद्याची ओळ किती लांब असेल ते तो बघत होता. पावडीवरचा त्याचा पाय उतरला.

"कात्री आण," तो बायकोला म्हणाला.

बाई हलली नाही. मग थोरली मुलगी स्वतः उठली, कात्री घेऊन आली आणि बापाच्या हातात देऊन तोंडाला पदर लावून भिंतीकडं वळली. ताणलेला ताणा कापताना आवाज होतो, हे मला माहीत नव्हतं. एकेक जुडगा तडातड सुटत गेला आणि मागाचा सगळा ताण गेला. त्यानं लुगड्याची घडी घातली, मांडीवर ठेवली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "झालं तुमच्या मनासारखं. आता जावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मागांची सगळी गल्ली निघाली. पंचाचा माग थांबला म्हटल्यावर कुणी विचारत बसलं नाही. गाड्या, गाठोडी, कोंबड्या, पोरं, सगळं अनगोळच्या माळावर. माग तेवढे खड्ड्यांत राहिले. आठ-दहा दिवसांत शाळाही बंद झाली.

तो हिवाळा मी लिहिणार नाही. वखारीच्या गल्लीत आणि बाजारात काय झालं ते ज्यांच्या घरात झालं त्यांनी लिहावं. देवळाच्या गल्लीतली माणसं घरं सोडून फार उशिरा उठली. माझ्या वर्गातला तो मिरचीवाला त्याच गल्लीतला.

आम्हीही माळावरच झोपडीत होतो, त्यामुळं मागांच्या गल्लीच्या झोपड्या मला येता-जाता लागत. तिथं कुणाला ताप नाही, कुणाला गाठ नाही. मी देवाचे आभार मानत होतो आणि ते लोक मला शिव्या देत होते. का म्हणून? तर काहीच झालं नाही म्हणून. पाण्याला गेल्यावर बायका मला ऐकू जाईल अशा बेतानं बोलत, "एक माणूस सुदीक पडलं न्हाय आमच्यात. उगंच उठवलं चिंचोके मास्तरनं." फाल्गुनात थोरलीचं लग्न माळावरच झालं. अंगावर बाजारातून आणलेलं लुगडं होतं. पंचानं मला बोलावलं नाही. नंतर एकदा विहिरीवर गाठ पडली तेव्हा तो दुसऱ्याशी बोलल्यासारखं बोलला, "आठवडा मागितला होता. आठवडा काय, महिना बी निघाला असता. लुगडं पुरं झालं असतं."

जे पडले त्यांचे चिंचोके लावता येतात. जे पडले नाहीत त्यांचा तक्ता कुठल्या भिंतीवर लावायचा, ते मला आजही माहीत नाही. मी बादली उचलली आणि झोपडीकडं आलो. त्या दिवशी आई म्हणाली, तू एवढ्या जोरात बादली का आपटतोस.

चैत्रात शाळा उघडली. भिंतीवरचा तक्ता तसाच होता, काही चिंचोके गळून खाली पडले होते. हेडमास्तर आले. त्यांचा आवाज बसला होता. ते म्हणाले, "हजेरीपटावरून नावं काढायची आहेत. कुठल्या गल्लीतली किती पोरं परत येणार नाहीत ते विचारून घ्या." मग म्हणाले, "तुमच्या पद्धतीनं विचारलंत तरी चालेल."

मी भिंतीशी उभा राहिलो आणि विचारायला लागलो. वखारीची गल्ली. जी पोरं उरली होती त्यांनी नावं सांगितली. बाजार. पुन्हा नावं. मिरचीवाल्याची जागा माझ्या समोरच होती आणि मी तिकडं बघायचं टाळत होतो. मग सवयीनं तोंडातून निघालं, "मागांची गल्ली."

कोपऱ्यातली ती मुलगी उभी राहिली. तिनं नवा परकर घातला होता, हिरवा, तांबड्या काठाचा. निम्म्या लुगड्यात नवऱ्या मुलीचं काही होत नाही, पण धाकट्या बहिणीचा परकर होतो.

"आमच्या गल्लीत न्हाय मास्तर," ती म्हणाली.

तेच शब्द, तोच आवाज. मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. समोर तोच कोरा रकाना होता. तिला वाटलं असावं, मास्तरांना या वेळीही खरं वाटत नाही.

"खरंच न्हाय मास्तर," ती म्हणाली. "समदी आलोय. मोजून बघा."